ड्रुसिलाचा नंबर

मी एक जुना कंगवा आहे. पितळी दातांचा, लाकडी मुठीचा, शेगडीवर तापवायचा. मित्रांनो, इतर कंगवे केस विंचरतात. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या आमच्या गावात मी काळ्या बायकांच्या कुरळ्या केसांना इस्त्री करत असे. मी सांगतो त्यातलं काही खोटं निघालं, तर माझे दात पडोत. काही पडलेत म्हणा, पण ते वेगळ्या कारणाने.

माझी पहिली मालकीण ड्रुसिला. आठवडाभर ती गोऱ्यांचे कपडे धुवायची आणि शनिवारी वस्तीतल्या बायकांचे केस सरळ करायची, रविवारच्या चर्चसाठी. मला निखाऱ्यावर तापवायची, फडक्यावर टेकवून पाहायची आणि म्हणायची, "कान धर गं." ही शिक्षा नव्हे हं. चटका बसू नये म्हणून आमचं गिऱ्हाईक आपणच आपला कान दुमडून धरतं. गावातल्या थोरथोर बायका माझ्यापुढे कान धरून बसल्या आहेत. मला त्याचा फार ताठा होता.

मग बायकांनाही मत देता येईल, असा कायदा झाला. ड्रुसिलाने त्या दिवशी स्वतःचे केस सरळ केले, पिसाची टोपी घातली आणि कोर्टात मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली. पुढचं मला बायकांच्या बोलण्यातून कळलं. कारकुनाने तिला बाकावर बसवलं. "तुझा नंबर आला की बोलावतो," म्हणाला. मागून आलेल्या गोऱ्या बायका नाव नोंदवून गेल्या. कोर्ट बंद व्हायची वेळ झाली. ड्रुसिला उठली आणि म्हणाली, "उद्या पुन्हा येते."

ती घरी पोहोचलीच नाही. नदीच्या काठाला तिची टोपी सापडली. तिला कुठल्या गोऱ्यांनी नेलं ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं, आणि अख्खं गाव खाली मान घालून बसलं.

तिची लेक ओझेला मोठी झाली. तिने घराच्या पुढच्या खोलीत केसांचं दुकान काढलं. खिडकीजवळची खुर्ची आईची होती. तिच्यावर कुणी बसत नसे. एखादी नवखी चुकून बसलीच, तर तिच्या कानाला चटका बसे. आणि मी तेव्हा पलीकडे शेगडीवर असे! शनिवारी मी पुरता तापलो की त्या रिकाम्या खुर्चीतून एक ओला आवाज येई, "माझा नंबर आला का?" गिऱ्हाइकांना तो ऐकू येत नसे. ओझेलाला येत असावा असं मला वाटे, कारण तेवढ्यापुरता तिचा हात थांबे.

वर्षं गेली. आमच्या लोकांना अजूनही कोर्टातून हाकलत होते. मतदार व्हायचं तर राज्यघटनेतलं कलम वाचा, अर्थ सांगा, मग नापास व्हा, अशी त्यांची रीत. तेव्हा ओझेला केस सरळ करता करता बायकांकडून कलमं पाठ करून घेऊ लागली. गोरा पोलीस यायचा, जळक्या केसांच्या वासाने नाक धरायचा आणि दारातूनच परत जायचा. मित्रांनो, माझ्या दुर्गंधाने केलेलं ते देशकार्यच.

एका शनिवारी अर्नेस्टीन खुर्चीत होती. शाळेत स्वयंपाक करायची, जिभेची तिखट.

"मिस ओझेला, आम्हाला सगळ्यांना कोर्टात धाडतेस. तू कधी जाणार?"

"दुकान कोण बघेल?"

"दुकानाला पाय नाहीत. तुला आहेत, ते लटपटतात."

"गप बस, नाहीतर अर्धंच डोकं सरळ करून घरी पाठवीन."

"पाठव की! अर्ध्या डोक्याने माझा नवरा आयुष्य काढतोय."

सगळ्या हसल्या. तेवढ्यात खिडकीजवळची खुर्ची करकरली, आणि हसणं जागच्या जागी विझलं.

सोमवारी सकाळी ओझेलाने आईची टोपी पेटीतून बाहेर काढली आणि त्या खुर्चीत बसली. जन्मात पहिल्यांदा. पुढचे केस तिने सरळ केले. पण मानेवरचे राहिले. गावभराचे केस करणाऱ्या बाईचा हात स्वतःच्या मानेमागे पोचत नाही. एरवी ती तिथे रुमाल बांधायची. तिने मला शेगडीवर ठेवलं आणि डोळे मिटले.

मला कुणीतरी उचललं. हात ओला आणि नदीसारखा गार होता, तरी मी चुरचुरलो नाही.

"कान धर, पोरी."

ओझेलाने मागे वळून पाहिलं नाही. तिने कान दुमडला.

मला पिशवीत घालून ती कोर्टात गेली. तिने कलम वाचलं, अर्थ सांगितला. कारकून म्हणाला, "नापास. जा आता."

ओझेला बाकावर जाऊन बसली. "माझं झालं. माझ्या शेजारी बसलीय, तिला कधी बोलावताय?"

शेजारी कुणीच नव्हतं. बाकावरून पाणी तेवढं ठिबकत होतं, आणि खोलीत जळक्या केसांचा वास भरला होता. कारकुनाने दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले.

तुम्हाला वाटेल, त्याने घाबरून नाव लिहिलं. छे! अशी माणसं भुताला घाबरतात, पण खुर्ची सोडत नाहीत. ओझेला पुन्हा गेली. अर्नेस्टीन गेली, आणि तिची नोकरीही गेली. आमच्या दुकानाची काच फुटली. तरी बाक भरत राहिला. शेवटी वॉशिंग्टनहून नवा कायदा आला, बाहेरचा नवा कारकून आला, आणि ओझेलाने मत दिलं. त्या शनिवारी मी लालबुंद तापलो. खुर्ची गप्प होती.

आता ते घर ओझेलाच्या नातीचं, टमिकाचं आहे. तिचे केस मेघासारखे कुरळे, तसेच मोकळे. मी फळीवर धूळ खातो. लहानपणी तिने आजीला विचारलं होतं, "केस सरळ केले म्हणून गोरे सरळ वागले का गं?" आजीने मला शेगडीवरून उचललं आणि फळीवर ठेवलं. माझा ताठा त्या दिवशी उतरला.

मागच्या निवडणुकीला टमिका खिडकीशी उभी राहून फोनवर म्हणाली, "केवढी रांग आहे! मी नाही जात बाई. माझ्या एका मताने काय होणार?"

खुर्ची करकरली. शेगडी कधीच भंगारात गेली होती, तरी मी फळीवर तापू लागलो. जळक्या केसांचा वास आला. आणि या खेपेला तो आवाज मला एकट्यालाच ऐकू आला नाही.

"तू नाही जात? मग तुझा नंबर मी घेऊ का?"

टमिकाच्या हातून फोन पडला. तिचा हात आपोआप कानाकडे गेला, आणि जिला मी कधी शिवलोही नव्हतो त्या पोरीने कान दुमडून धरला. मग ती चपला शोधू लागली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी मागत नाही. धुळीची मला सवय झाली आहे. मागणं एवढंच, की आपला नंबर कंटाळून सोडून देऊ नका. तो ज्यांना मिळाला नाही, ती माणसं अजून त्या बाकावरून उठून गेलेली नाहीत.