अकरा मैलांवर

सेल्बी पार्डी पहाटे पाचला गाडी घेऊन पोटॅशच्या खाणीवर गेला, की संध्याकाळी सातपर्यंत त्याच्या बायकोजवळ, व्हर्नाजवळ, फक्त सायकल उरायची. तीही तिची नव्हे, आधीच्या भाडेकरूने घरामागे टाकून दिलेली. तिने साखळीला तेल घातलं, ट्यूबला ठिगळ लावलं आणि एकदाची बाहेर पडली.

एप्रिलमध्ये दूर पूर्वेचा न्यूफाउंडलंडचा समुद्रकिनारा सोडून दोघं सस्कॅचेवानच्या या माळावर आली होती. "सहाच महिने काढायचेत गं," असं सेल्बी म्हणाला होता. मे महिन्यात त्याने पडद्यांचं कापड आणलं, सगळ्या खिडक्यांना पुरेल इतकं. व्हर्नाला तेव्हाच काय ते कळलं. तरी ती शिवणाच्या मशीनवर बसली आणि पडदे शिवले.

सायकलवरून ती रोज एखादा मैल पुढे जायची. इथे दर मैलाला एक रस्ता दुसऱ्याला काटकोनात छेदायचा. उजवीकडे वळा नाहीतर डावीकडे, पुढ्यात तेच: गहू, मसूर, तारांचे खांब आणि आभाळ. कुठे भिंत नाही, डोंगर नाही, तरी तिला कोंडल्यासारखं व्हायचं. गावी निदान पाण्यापाशी येऊन वाट संपायची. इथे ती संपतच नव्हती, आणि कुठे पोचतही नव्हती.

"आज काय केलंस?" सेल्बी जेवताना विचारायचा.

"काही नाही," ती म्हणायची.

जुलैतल्या त्या गुरुवारी ती अकरा मैल आली होती. ऊन मी म्हणत होतं. वायव्येला एक काळी रेघ दिसली, पण तिने मनावर घेतलं नाही. समुद्रावर वाऱ्याच्या वासावरून तिला वादळ ओळखता यायचं. इथला वारा तिच्याशी काही बोलत नसे. बघता बघता ती रेघ अर्ध्या आभाळावर चढली आणि हिरवट झाली. वारा पडला. मग एकदम अंगावर काटा येईल इतकं थंड झालं आणि पहिली गार तिच्या खांद्यावर बसली, दगडासारखी.

शेतात पत्र्याच्या तीन गोल कणग्या होत्या, धान्य साठवायच्या. मधलीचं बुटकं दार उघडं दिसलं. सायकल तिथेच आडवी टाकून ती वाकून आत शिरली. मागोमाग अचानक सुटलेल्या वाऱ्याने दार आपटलं आणि बाहेरची कडी पडून अडकल्याचा आवाज तिने स्वच्छ ऐकला.

नंतर काहीच ऐकू येईना. पत्र्यावर गारांचा असा मारा सुरू झाला, की स्वतःची किंकाळीही तिच्या कानी पडली नाही. कान दाबून ती खाली बसली.

पाऊणएक तासाने सगळं थांबलं. तिने दार ढकललं, खांदा लावला, लाथा घातल्या. दार तसूभर हललं नाही. माथ्यावरच्या फटीतून उन्हाची पट्टी आत उतरली आणि हळूहळू पत्रा तापू लागला. जुन्या गव्हाचा धुरळा नाकातोंडात जात होता. आपण इथे आहोत हे कोणालाच ठाऊक नाही, हे तिच्या मनात आलं. आणि मग दुसरं आलं: सेल्बीला तर आपण सायकल चालवतो हेसुद्धा ठाऊक नाही. शोधायचं झालं तर तो घरातच शोधेल.

एक फळकूट सापडलं. तिने ते पत्र्यावर हाणायला सुरुवात केली. हात भरून आले, की थांबायची, पुन्हा हाणायची. असे दोन तास तरी गेले असतील.

"कोण आहे रे आत?" बाहेरून म्हातारा, खणखणीत आवाज आला. "उंदीर असशील तर फारच माजलायस बाबा!"

कडी निघाली. दारात गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, पंचाहत्तरीची एक बाई उभी होती. तिचं नाव परास्का डुचॅक, शेत तिचंच.

"दार... दार आतून उघडेना," व्हर्ना कशीबशी म्हणाली.

"कसं उघडेल? गव्हाला कुठे बाहेर यायचं असतं? चल, पाणी पी आधी."

काळ्या चिखलाने सायकलची चाकं जागीच धरून ठेवली होती. ती तिथेच सोडून दोघी पायी निघाल्या. वाटेत मसुराचं शेत लागलं. उभं म्हणून एक रोप राहिलं नव्हतं. सगळं जमिनीत कुटून काढल्यासारखं झालं होतं.

"हे तुमचंच?" व्हर्नाने विचारलं.

"माझंच. एकशे साठ एकर."

"आणि हे सोडून तुम्ही आधी माझ्याकडे आलात?"

"मसूर काही पत्रा बडवत नव्हता, पोरी."

परास्काच्या स्वयंपाकघरात व्हर्ना बीटाचं गरम सूप प्यायली. सात वाजून गेल्यावर तिने घरी फोन लावला.

"आहेस कुठे तू?" सेल्बी ओरडलाच.

"एका बाईंकडे. अकरा मैलांवर."

"अकरा मैल? गेलीस कशी?"

"सायकलने."

"कुठली सायकल?"

तिने डोळे मिटले. "सेल्बी, मी अडकलेय."

"बरं बरं, घाबरू नकोस. आज चिखलात गाडी रुतेल. सकाळी येतो न्यायला."

"आजचं नाही बोलत मी. एप्रिलपासून अडकलेय."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "व्हर्ना, मी पाच वर्षांचा करार केलाय."

"कधी?"

"आपण निघायच्या आधी."

तिने फोन ठेवला. परास्का पाठमोरी मटार सोलत होती. ऐकलं तिने सगळंच होतं.

"मला नवऱ्याने दोन वर्षं सांगितली होती," ती न वळताच म्हणाली. "एकोणीसशे एकोणतीस साली."

"मग?"

"मग पोरं झाली. रागवायचं राहूनच गेलं. तू राहू देऊ नकोस."

सकाळी सेल्बी आला तो पायीच, गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून, मांड्यांपर्यंत चिखलाने भरलेला. तो माफीचं काहीतरी पुटपुटू लागला. व्हर्नाने त्याला बोलू दिलं आणि मग म्हणाली, "ऑगस्टमध्ये मी गावी जाणार. आईकडे. किती दिवस ते ठाऊक नाही."

"आणि मी?"

"तुझा करार आहे ना."

ती बोलल्याप्रमाणे गेली. स्टेशनवर सेल्बीने तिची पेटी चढवून दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. गाडी हलायला आली तेव्हा त्याने विचारलं, "परत येशील का?"

इथे येताना त्याने तिला काहीच विचारलं नव्हतं.

"पत्र लिहीन," व्हर्ना म्हणाली. आणि काय लिहायचं ते खरोखरच तिला अजून ठाऊक नव्हतं.