वन्संच्या कपातला अर्क

ते साल दोन हजार आठ. घड्याळजीच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्याला तोवर दीड वर्ष झालं होतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, उरलेल्या दिवशी डोळ्याला भिंग लावून दुकानात घड्याळं दुरुस्त करत बसणं. पण हात थरथरायचे, बारीक स्क्रू निसटून टेबलाखाली जायचे. किडनी जुळली ती एकट्या थोरल्या बहिणीची. डॉक्टर म्हणाले, "ताईंचं सगळं उत्तम आहे. फक्त वजन चौऱ्याऐंशी. ते अठ्ठ्याहत्तरवर आणा, मग तारीख देतो."

ताई गणवेशांच्या कारखान्यात कापड बेतायची. लग्न केलेलं नाही, जिभेला हाड नाही. वजन उतरेपर्यंत ती भावाकडेच राहायला आली. पोटावर थाप मारून म्हणायची, "बेततानाच एवढं मोठं बेतलंय, आता कुठून आत घेणार?"

डॉक्टरांनी फिरायला सांगितलं, भात निम्मा केला आणि दूधसाखरेच्या चहाऐवजी ग्रीन टी प्यायला सांगितला. "चांगला असतो, शरीराला उपयोगी द्रव्यं असतात त्यात. पण नुसत्या त्याच्या जिवावर वजन उतरत नाही. खरा फायदा साखर सुटते त्याचा."

ताईने पहिला घोट घेतला. "हा चहा आहे की गणवेश धुतलेलं पाणी?"

"वन्सं, सवय होईल," घड्याळजीची बायको, म्हणजे वहिनी, म्हणाली.

तीन आठवड्यांत उतरला जेमतेम एक किलो. इकडे घड्याळजीच्या हातातली डायलिसिससाठी जोडलेली शीर दुसऱ्यांदा बंद पडली. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस काढू नका.

वहिनी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय कशाला हात लावायची नाही. बाजारात तिला ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल दिसल्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं, दिवसातून दोन. ताईला गोळ्यांचा तिटकारा, समोर ठेवल्या असत्या तर खिडकीबाहेर गेल्या असत्या. म्हणून वहिनी कॅप्सूल फोडून पूड चहात ढवळू लागली. गरम पाण्यात निम्मा अर्क वाया जाणार, तेव्हा दोनाच्या चार. वन्सं निम्मा कप तसाच ठेवतात, तेव्हा चाराच्या आठ. हिशेब तिने वहीच्या मागच्या पानावर रीतसर मांडला होता. चहाच तर आहे, चहाने कुणाचं काय बिघडलंय?

वजन भराभर उतरू लागलं. ताईचं अन्नावरचं मन उडालं. सकाळी मळमळायचं, अंगाला खाज सुटायची. "बघा, चरबी वितळतेय," वहिनी म्हणायची, आणि काट्यावरचा आकडा पाहून तिचा स्वतःचा जीव भांड्यात पडायचा. सातव्या आठवड्यात काटा अठ्ठ्याहत्तरवर आला. शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली.

सोमवारी डॉक्टरांनी तिघांना बोलावलं. रिपोर्ट टेबलावर होता.

"ताई, यकृताचा आकडा चाळीसच्या आत हवा. तुमचा चारशेवीस आहे. डोळेही पिवळे दिसतायत. काही औषध, चूर्ण, काढा?"

"काही नाही हो. चहा पिते तेवढा."

"परत आठवून बघा."

"डॉक्टर, मी गोळीला हात लावत नाही. घरच्यांना विचारा."

डॉक्टरांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मान हलवली. हो की नाही, तिचं तिलाच कळलं नाही.

"मग हा आतलाच आजार दिसतोय. अशा माणसाची किडनी घेता येत नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मी अपात्र लिहितो. गुरुवार रद्द."

घड्याळजी बहिणीच्या हातावर हात ठेवून बसून राहिला.

वहिनीने मनात हिशेब मांडला. गप्प राहावं तर वन्सं कायमच्या बाद. बोलावं, तर किडनी देणार त्याच होत्या. सही त्यांची, शरीर त्यांचं. उद्या त्या म्हणाल्या, या घरावर माझा विश्वास उरला नाही, तर त्यांना कोण अडवणार? पेन कागदाला टेकलं.

"थांबा," ती म्हणाली. "मी घालत होते. चहात."

"काय?"

"अर्क. ग्रीन टीचा. आठ कॅप्सूल रोज."

"उपाशीपोटी?"

"हो. सकाळी चार. संध्याकाळी चार."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, प्यायचा चहा वेगळा आणि हा अर्क वेगळा. एवढ्या मात्रेत यकृत सुजतं. वजन उतरलं ते त्या आजाराने." मग ताईकडे वळून म्हणाले, "बंद केलं की बहुतेकांचं सुधारतं. दर आठवड्याला रक्त तपासू. पण ताई, पुढं द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं."

ताईने भावाचा हात हळूच बाजूला केला. वहिनीकडे बघत म्हणाली, "मला विचारलं असतंस, तर मी नाक मुरडत का होईना, गिळलं असतं. विचारलंस का?"

"नाही."

"बेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही मी. तू माणसाला लावलीस."

ती उठली आणि थेट आपल्या घरी गेली.

पुढचे तीन महिने घरात फोन वाजला की वहिनी हातातलं टाकून धावायची. ताई फोन घ्यायची नाही. तपासण्यांना मात्र एकटी जात होती. एकदा दीडशे, मग नव्वद, मग बावन्न. घड्याळजी दवाखान्यातून आकडे विचारून यायचा. आकडा चाळीसच्या आत आला, तरी ताईचा निरोप नव्हता.

आठवड्याभराने ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. रोज दोन तास चालून वजन सत्त्याहत्तरवर आणलं होतं.

"सही करून आलेय," ती म्हणाली. "माझ्या भावासाठी. तुझ्यासाठी नाही."

"हो, वन्सं."

शस्त्रक्रिया सुखरूप झाली. घड्याळजी त्या किडनीवर अकरा वर्षं जगला, आणि शेवटपर्यंत बारीक स्क्रू स्वतः बसवत होता. हृदयविकाराने गेला. डॉक्टर दुसऱ्या शहरात गेले. दात्यांना ते आता दर भेटीला घरातल्या चहाचीही चौकशी करतात, असं कळलं. ताई निवृत्त झाली, पुन्हा ब्याऐंशी किलोंची झाली आणि भावाच्या माघारी वहिनीकडेच राहायला आली.

वहिनीने तिची दोनदा माफी मागितली. पहिल्यांदा ताई उठून आतल्या खोलीत गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "जेवायला वाढ. आणि काय वाढतेस ते सांगून वाढ."