अडतीस नावं

पारीला गोपाळसरांवर सूड उगवायचा होता. झाकून कशाला ठेवायचं? हक्क, न्याय, संविधान हे शब्द तिनं नंतर रोह्याच्या तहसील कचेरीत वापरले, कारण तिथं तेच चालतात. मनात मात्र एकच होतं, या माणसाला चारचौघांत तोंडघशी पाडायचं.

रोह्याजवळच्या खांब गावाच्या अलीकडं तळेकोंड नावाचं गाव. वर आळी, खाली नदीकाठाला कातकरवाडी. दिवाळी झाली की वाडी कर्जतकडच्या वीटभट्ट्यांवर जाते आणि शिमग्याला परत येते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीची एक जागा आदिवासींसाठी राखीव निघाली आणि पारीनं सांगून टाकलं, मी उभी राहणार, निवडून आले तर पहिलं काम वाडीच्या रस्त्याचं. आता वाडीचा रस्ता जाणार कुठून, तर गोपाळसरांच्या आंब्याच्या बागेच्या कडेनं. झालं!

भट्टीवरून एका दिवसाची सुट्टी काढून पारी रोह्याला उमेदवारीचा अर्ज भरायला गेली, तर मतदार यादीत तिचं नावच नाही. तिच्या भावाचं, चंदरचंही नाही. वाडीतली अडतीस नावं गायब! ‘ही व्यक्ती गाव सोडून कायमची गेली आहे’ असा हरकतीचा अर्ज कुणीतरी अडतीस वेळा भरला होता. नोटिसा लावल्या होत्या म्हणे. कुठं, तर कुलपं घातलेल्या दारांवर.

त्या जागेवर गुणाजी बिनविरोध आला. गुणाजी वाडीतलाच, पण सरांच्या बागेचा राखणदार. सरांनी त्याला शाल-नारळ दिला आणि भाषण ठोकलं, “आमच्या गावात भांडण नाही, तंटा नाही. लोकशाहीत याला म्हणतात सलोखा.” पेपरात फोटोही छापून आला. बोलणाऱ्यांची नावंच खोडली की सलोखा व्हायला कितीसा वेळ लागतो?

शिमग्याला परतल्यावर पारीनं दोन कामं केली. नाव पुन्हा घालायचा अर्ज दिला, आणि माहितीच्या अधिकारात त्या अडतीस हरकतींच्या प्रती मागवल्या. प्रती हातात आल्या तेव्हा सही वाचायचीही गरज पडली नाही. ते गोल, ठसठशीत अक्षर शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिताना तिनं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. सातवीत याच माणसानं तिच्याकडून संविधानाची उद्देशिका पाठ करून घेतली होती. “पारी, ‘आम्ही, भारताचे लोक’ म्हणताना मान खाली नको. छाती पुढं काढ!” अख्ख्या शाळेपुढं तिनं ती घडाघडा म्हटली होती आणि सरांनी पाठीवर थाप मारली होती. ती थाप आता तिला आगीसारखी झोंबायला लागली.

“सोड गो पारे,” चंदर म्हणाला. तो डोलवीच्या कंपनीत ठेक्यावर होता, नाइट शिफ्ट करून नुकताच आला होता. “मोठ्या मानसांशी वैर घेऊन आपुन जानार कुटं?”

“जायाचं काय ऱ्हायलंय? कागदावर तर आपुन कवाच गेलो!”

शिमग्यानंतर पारी दरवर्षी पेणला जाते, गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला. यंदाही गेली. पहिल्याच सकाळी कारखान्यासमोरच्या डेअरीवर एक गृहस्थ पायात स्लिपर, हातात दुधाच्या पिशव्या असे उभे. पारी बघतच राहिली. गोपाळसर!

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. डेअरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “ते मास्तर ना? मागच्या बिल्डिंगीत ऱ्हातात, लेकीकडं. तीन वर्षं झाली असतील.” म्हणजे सर पेणला, मुलगी ऋजुता पेणला, मुलगा शौनक पुण्याला. गावच्या घरात काय ती सरांची बायको, सुहासिनीकाकी, एकटी. आणि यादीत चौघांचीही नावं कशी ठणठणीत! वाडी चार-पाच महिने बाहेर राहिली तर ‘कायमची गेली’, आणि हे तीन वर्षं पेणचं दूध पिऊन तळेकोंडचे मतदार? वा रे न्याय! पारी त्या दिवशी उंदरांना रंग देता देता एकटीच हसत होती.

श्रावणात तिचं नवं मतदार कार्ड आलं; दुसऱ्याच्या नावावर हरकत घ्यायची तर आधी आपलं नाव यादीत लागतं. त्याच आठवड्यात तिनं हरकतीचे चार कोरे अर्ज आणले. गोपाळसर, शौनक, ऋजुता असे तीन भरले आणि चौथ्यावर सुहासिनीकाकींचं नाव घातलं.

चंदरनं हात धरला. “काकी तर हितंच ऱ्हाते. खोटं लिवलंस तर तू नि सर सारकेच.”

“तिला म्हाईत नसंल व्हय? एका घरात ऱ्हाऊन?”

“म्हाईत असंल. पन ऱ्हाते हितंच ना?”

पारीनं दातओठ खात चौथा अर्ज टराटरा फाडला.

सुनावणीला सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. घर उघडं असतं याचा पुरावा म्हणून काकींनाही बरोबर आणून बाहेर बाकावर बसवलं होतं. नायब तहसीलदारांनी विचारलं, तसे सर उभे राहिले. चाळीस वर्षं वर्गापुढं बोललेला माणूस, त्याला काय कमी!

“साहेब, आमच्या सात पिढ्या तळेकोंडात गेल्या. मुलं पोटापाण्यासाठी बाहेर आहेत, मी तब्येतीमुळे पेणला असतो. पण पोटासाठी बाहेर पडला म्हणून माणूस गावचा राहत नाही का? मुळं गावातच असतात.”

पारी याच वाक्यासाठी पाच महिने थांबली होती.

“लई चांगलं बोललात, सर. सायेब, हे लिवून घ्या. शब्द न् शब्द.”

कारकुनानं लिहून घेतलं. सरांनी खाली झोकात सही केली. मग पारीनं पिशवीतून अडतीस प्रती काढून शेजारी ठेवल्या.

“आमीबी पोटासाठीच भायेर गेलतो. हितं सर लिवतात, कायमचे गेले. अक्षर तेच, सही तीच. यातलं खोटं कंचं, ते सरांनीच सांगावं.”

साहेबांनी दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं. अर्जाच्या तळाशी छापलेलंच असतं, खोटं लिहून दिलं तर शिक्षा होते. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण मास्तर तो मास्तर!

“मला गुणाजीनं तसं सांगितलं होतं,” ते म्हणाले. “मी सद्हेतूनं सही केली. माझी फसवणूक झाली, साहेब.”

साहेब विचारात पडले. “सद्हेतू असेल तर प्रश्न वेगळा. जेवणानंतर बघू.”

गुणाजी काय, सर सांगतील तसं बोलेल. म्हणजे उद्या गुणाजीच चोर ठरणार, वाडीचाच माणूस, आणि सर साळसूदपणे पेणला जाऊन दूध आणणार! ती तणतणत व्हरांड्यात आली. बाकावर सुहासिनीकाकी बसल्या होत्या. दारातून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“पारी,” त्या हळूच म्हणाल्या, “पेणहून गावी आले होते तेव्हा जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत होते ते. म्हणाले, दिवाळी होऊ दे, वाडीची दारं बंद झाली की मग देतो. मी चहा ठेवला पुढ्यात आणि आत निघून गेले. तेव्हाच बोलायला हवं होतं गं मी.”

“व्हय. हवंच होतं.”

काकींनी पदर डोळ्यांना लावला. पारीला जराही कणव आली नाही.

“रडू नका, काकी. मला तुमची माफी नको. तुमच्या नावाचाबी अर्ज मी लिवला होता. खोटा होता म्हनून फाडला. मी माज्या रागाला आवर घातला, आता तुमी तुमच्या भीतीला घाला. मला सांगितलंत ते आत सायबाला सांगा.”

“नवरा आहे गं तो माझा.”

“आनि आमी अडतीस जनं कोन?”

शिपायानं पुकारा केला. सर डबा आवरून आले आणि बायकोला म्हणाले, “तू बस इथंच. तुझी गरज नाही.”

काकी उठल्या. पदर खोचला आणि सरांच्या आधी आत शिरल्या. कारकुनानं नाव विचारलं. म्हणाल्या, “सुहासिनी. राहणार तळेकोंड. मला सही करून सांगायचंय. माणसं परत येणार आहेत हे यांना माहीत होतं.”

सरांची मान खाली गेली. पारी त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. डोळे भरून तिनं ती खाली गेलेली मान बघितली, मग शाळेतल्यासारख्या स्वच्छ आवाजात म्हणाली, “सर, मान खाली नको. छाती पुढं काढा.”