माजी आमदारांच्या घरची रोझरी

पन्नास खुर्च्या कशाला सांगितल्यात, असं मी विचारलं तर आमचे साहेब म्हणाले, "माणसं उभी राहिली तर बरं दिसत नाही, व्हेरोनिका." मी म्हटलं, आधी येऊ तर देत. त्यावर ते उठून मंडपवाल्याला खुर्च्या कुठे मांडायच्या ते दाखवायला गेले. ऐकायचं नसलं की उठून जायचं, ही त्यांची जुनी खोड. विधानसभेत कशी चालली देव जाणे.

साहेब म्हणजे माझा नवरा, ॲन्सेल्म. दोनदा आमदार झालेले, आणि तिसऱ्यांदा नुकतेच सपाटून पडलेले.

आमच्या गिरीजच्या आळीत ऑक्टोबरभर पवित्र माउलीची मूर्ती घरोघर फिरते. एकेका घरी एक दिवस मुक्काम. संध्याकाळी आळीतले जमून रोझरीची प्रार्थना म्हणतात, उकडलेले चणे खातात, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरच्यांनी मूर्ती गात गात पुढच्या घरी नेऊन द्यायची. हातातून हातात द्यायची, मध्ये कुठे टेकवायची नाही. घरांचा क्रम माझ्या सासऱ्यांच्याही आधीपासूनचा, तो कोणी बदलत नाही. आमच्या पुढचं घर माझ्या धाकट्या दिराचं, बॅप्टिस्टचं. आणि बॅप्टिस्ट तीन वर्षांत आमच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. साहेब कायम कामात, म्हणून मूर्तीही दरवर्षी मीच नेऊन द्यायचे. निवडणूक गेली त्याचं मला एवढं वाटलं नाही. पण मूर्ती हातात असतानाही हे दोघे भाऊ बोलले नाहीत, तर मग ते मेल्यावरच एकमेकांना भेटतील, याची मला धास्ती होती.

भांडण पाण्याचं. ॲन्सेल्म पापडीच्या शाळेत भूगोल शिकवायचे, ते पाण्यापायीच राजकारणात गेले. आमच्या केळीच्या वाड्यांमधल्या विहिरी उपसून टँकर भरायचे आणि नायगावच्या नव्या इमारतींना विकायचे, असा धंदा जोरात होता. हे म्हणायचे, असंच उपसत राहिलात तर खालून खाडीचं पाणी शिरेल, विहिरी खारट होतील, केळी जळतील. इमारतींना आधी धरणाचं पाणी द्या, मग बांधायला परवानगी द्या. वाड्यांच्या जमिनीवर तर इमारत नकोच. दहा वर्षं हेच. जेवताना हेच, अंथरुणात हेच. मी एकदा वैतागून म्हटलं, तुम्ही विहिरीशीच संसार करा, मी जाते माहेरी.

तर सभागृहात यांचा टँकरवरचा प्रश्न लागला. मंत्री म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी एखादं उदाहरण द्यावं. यांनी बॅप्टिस्टचं नाव घेतलं. आळीत बॅप्टिस्टसारखे टँकर भरणारे पुष्कळ होते, पण दुसऱ्या कोणाचं घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, घरचं झाकतो. केवढा तो अभिमान. पेपरात छापून आलं, बॅप्टिस्टच्या पंपाला सील लागलं. बॅप्टिस्टने महिनाभरात सील तोडलं आणि टँकर पुन्हा सुरू केले. बंद झालं ते फक्त आमच्याकडे येणं. ॲनी, त्याची बायको, रोज कुंपणावरून मला केळफूल द्यायची, तीही थांबली. मला फार एकटं वाटायचं. यांना सांगितलं तर म्हणायचे, धोरण म्हटलं की घरचं-बाहेरचं नसतं.

रोझरीच्या संध्याकाळी माणसं आली, नाही असं नाही. फ्लॉसी आली, गुडघे टेकले, थोडी प्रार्थना म्हटली आणि हळूच माझ्या कानाशी म्हणाली, "येते हं, अजून एका ठिकाणी जायचंय." मग एडवर्ड उठला. मग शेजारच्या ओळीतले सगळे. प्रत्येकाला अजून एका ठिकाणी जायचं होतं. प्रार्थना अर्धीही झाली नव्हती आणि ओटीवर आम्ही दोघेच उरलो. हे पुढून म्हणत होते, मी मागून उत्तर देत होते. एवढ्या खुर्च्यांपुढे आवाज घुमत होता. पातेलंभर चणे तसेच.

"ठरवून केलं काय गं यांनी?" यांनी विचारलं.

"ठरवून कशाला? तुम्ही दहा वर्षं असेच यायचात. दहा मिनिटं बसायचं, अजून एका ठिकाणी जायचंय म्हणायचं आणि गाडीत बसायचं. लग्नात तसंच, मयताला तसंच. तुमचंच बघून शिकले."

बोलले आणि वाईट वाटलं. पण खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "मूर्ती यंदाही तूच ने. मला बघून बॅप्टिस्ट दार लावायचा."

"नाही. तुमची सगळी ओझी मीच वाहिलीत आजवर. ही तुम्ही न्या."

निघालो. गाणारे दोघेच, त्यात यांना सूर नाही. बॅप्टिस्टची ओटी माणसांनी भरलेली होती. काल उठून गेलेले सगळे तिथे पाय पसरून बसले होते. आम्हाला बघून त्यांनी पाय आवरले. बॅप्टिस्ट पायरी उतरून आला आणि खाली बघतच यांच्या हातातून मूर्ती घेतली. झालं, एवढंच. मला वाटलं, आता हे वळणार आणि घरी जाणार. हे गेले आणि अगदी शेवटच्या बाकावर बसले. शेवटच्या गीतापर्यंत हलले नाहीत. आमदार झाल्यापासून दुसऱ्याच्या घरच्या प्रार्थनेचा शेवट यांनी पहिल्यांदाच ऐकला असेल.

मग चणे आणि पाणी आलं. कोपऱ्यात विकतच्या पाण्याचा मोठा जार होता, ॲनी त्यातलं सगळ्यांना देत होती. बॅप्टिस्ट मात्र आत गेला, मागच्या दाराने विहिरीवर गेला, आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. यांच्यासमोर धरला.

"आपल्या विहिरीचं आहे, दादा," तो म्हणाला.

हे प्याले. मध्ये न थांबता जवळजवळ सगळं प्याले. सगळी ओटी बघत होती. मी यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता भाषण नको, माझ्या आई, एवढं एक भाषण नको.

"गार आहे," हे म्हणाले.

बॅप्टिस्टने तांब्या परत घेतला. त्याचा हात जरा वेळ यांच्या खांद्यावर राहिला. तांब्या माझ्याजवळून नेताना मी त्याच्या हातातून घेतला आणि तळाशी उरलेला घोट प्याले. मिठागरातलं पाणी बरं, इतका खारट.

घरी आलो तर मंडपवाला खुर्च्या न्यायला आलेलाच नव्हता. हे त्यातल्याच एका खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मला वाटायचं, खरा ठरलो की बरं वाटेल."

मी दुसरी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. घरात कालचे चणे होते, पण दोघांनाही भूक नव्हती.