रिकाम्या डब्याला बंदी नाही

मित्रांनो, मी एक जुना, चार कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे आणि सध्या मी चिडलेलो आहे. नाशिकजवळच्या एका मोठ्या वॉटर पार्कात, तिकीट काढून आत गेलेल्या चार माणसांना एका जागी बसून जेवता आलं नाही. मी त्यांच्यासोबत होतो. ती हकिकत तुम्हाला सांगायची आहे. पण आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे मला एवढा राग का आला ते कळेल.

मी नाशिकच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या फळीवर होतो. निफाडच्या एका मामांनी भाचीच्या लग्नात द्यायला मला विकत घेतलं. दुकानदाराने मशीन लावून माझ्या झाकणावर 'कुसाबाईस मामांकडून भेट' असं कोरलं. तेव्हा मला फार गुदगुल्या झाल्या होत्या.

कुसाबाईंचे यजमान खंडेराव सातपूरला एका कारखान्यात कामाला होते. मी रोज त्यांच्यासोबत जायचो. सकाळची पाळी असली की कुसाबाई अंधारातच उठायच्या. खालच्या कप्प्यात आमटी, त्यावर भात, त्यावर भाजी आणि सगळ्यात वर पोळ्या. कडी लागली की माझ्या अंगाला ऊब यायची. कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली की खंडेरावांचे सोबती माझ्याभोवती गोळा व्हायचे.

"खंडू, उघड लवकर. वहिनींनी काय दिलंय बघू दे."

"तुझ्या घरी चूल नाही का रे?"

"आहे. पण आमच्याकडं भाजीत मीठ असतं, इथं चव असते."

संध्याकाळी खंडेराव ही वाक्यं जशीच्या तशी घरी सांगायचे. कुसाबाई मला घासत घासत ऐकायच्या. दुसऱ्या दिवशी भाजी जास्त असायची.

पुढे खंडेराव निवृत्त झाले. मला माळ्यावर ठेवलं गेलं. सून पल्लवी कामाला जायची, तिच्याकडे प्लास्टिकचे हलके डबे होते. मला तिचा राग नव्हता. मी जड आहे आणि माझी कडी हाताला लागते. माझ्या कप्प्यांत जुने स्क्रू, दिव्याच्या वाती, तुटलेल्या घड्याळाचा पट्टा असं काहीबाही साठलं.

मागच्या थंडीत कुसाबाई गेल्या. फार दिवस आजारी नव्हत्या. खालून रडण्याचा आवाज माळ्यावर आला, त्यावरून मला कळलं.

त्यानंतर घरातलं जेवण बदललं. कुसाबाई असताना रविवारी तरी सगळे एकत्र बसायचे. आता मुलगा मयूर पाळीवरून येईल तेव्हा जेवायचा. पल्लवी सगळ्यांचं झाल्यावर. नात वेदिका मोबाइल समोर ठेवून. आणि खंडेराव ओट्याजवळ उभे राहून ताटलीतलं संपवायचे आणि लगेच ताटली धुऊन टाकायचे. त्यांना कोणी बसा म्हणायचं नाही, कारण त्या वेळी तिथे कोणी नसायचं.

मे महिन्यात मयूर म्हणाला, "बाबा, रविवारी पार्कला जाऊ. वेदिका कधीची मागं लागलीय. तुम्हीही चला, जरा बाहेर पडाल."

खंडेराव म्हणाले, "येतो. पण दुपारी चौघांनी एका जागी बसून जेवायचं. बाकी माझं काही नाही."

"त्यात काय एवढं? तिथं आत हॉटेलंच हॉटेलं आहेत."

तरी खंडेरावांनी मला माळ्यावरून खाली काढलं. रविवारी सकाळी त्यांनी स्वतः पुऱ्या लाटल्या. काही गोल होत्या, काही नव्हत्या. बटाट्याची भाजी केली, ठेचा केला. भाजी त्यांनी वरच्या कप्प्यात भरली आणि पुऱ्या खाली, त्यामुळे गाडी पार्कापर्यंत पोचली तेव्हा तेल माझ्या पोटाबाहेर येऊन पिशवीला लागलं होतं. आयुष्यभर त्यांनी मला फक्त उघडलं होतं. भरलं पहिल्यांदाच.

पार्काच्या दारात धनराज नावाचा पहारेकरी होता. त्याने पिशवी चाचपली.

"काका, डबा आत नाय जायचा."

"का बरं? तो काय झोपाळ्यात बसणार आहे?"

"डबा म्हणजे बाहेरचं खाणं. तो बोर्ड वाचा."

खंडेरावांनी बोर्ड वाचला. मग विचारलं, "आणि रिकामा असला तर?"

"रिकामा न्या की. रिकामा म्हणजे नुसतं भांडं. भांड्याला बंदी नाय."

मित्रांनो, मी इतकी वर्षं स्वतःला डबा समजत होतो. आत जेवण असलं तरच मी डबा, नाहीतर भांडं, हे मला त्या दारात कळलं.

मयूर म्हणाला, "बाबा, गाडीत ठेवू."

"या उन्हात? भाजी दुपारपर्यंत आंबेल."

"मग आत्ताच खाऊन घेऊ का?" पल्लवी म्हणाली.

"आत्ता कोणाला भूक आहे? दुपारी बसायचं ठरलं होतं," खंडेराव म्हणाले आणि माझी पिशवी उचलून चालायला लागले.

दारासमोर झाडाखाली अक्काबाई बसली होती. ती त्र्यंबकच्या बाजूच्या पाड्यावरून करवंदं आणि कैऱ्या विकायला येत असे. खंडेरावांनी मला तिच्यापुढे ठेवलं. "बाई, आज सकाळचं आहे. टाकून देववत नाही. खाल का?"

तिने झाकण उघडून वास घेतला. "कोनी केलं?"

"मीच."

"तरीच पुऱ्या अशा," ती म्हणाली. "द्या. माझी सून येती दुपारची, तिला बी व्हईल."

तिने सगळं आपल्या पातेल्यात काढलं, मला पाण्याने खळबळून घेतलं आणि परत देताना वरच्या कप्प्यात ओंजळभर करवंदं टाकली. मग दुसऱ्यातही टाकली.

खंडेराव मला घेऊन दाराशी आले. धनराजने झाकण उघडलं.

"काका, मी रिकामा म्हणलो होतो."

"रिकामाच केला होता. त्या बाईने टाकली."

"मग काढून आणा."

खंडेराव परत गेले. अक्काबाईने हात मागे घेतला. "मी नाय काढायची. मोकळा डबा मानसाला देत नसत्यात."

"अहो, तो आत सोडत नाही."

"नाय सोडू दे. तुम्ही भरून दिला, मी मोकळा देऊ? घरची बाई काय म्हनंल तुमची?"

"ती नाही आता."

अक्काबाईने माझं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाली, "मग तर नायच."

रांगेतले लोक कटकट करायला लागले होते. धनराज तिथूनच ओरडला, "अक्के, माझी नोकरी घालवशील का?"

"तुझ्या आईला इचार. ती देती का शेजारनीला मोकळा डबा?"

धनराजने मान खाजवली. त्याची आईही देत नसणार. चिमूटभर साखर का होईना, ती टाकत असणार. तुमच्या घरीही तसंच असेल. त्याने अखेर विचारलं, "एक करवंद ठेवलं तर चालंल का गं?"

"एक बी चालतं."

मग वेदिकाने आणि मयूरने उभ्याउभ्या करवंदं खाल्ली, उरलेली वेदिकाच्या टोपीत गेली आणि एक माझ्या तळाशी राहिलं. धनराजने शेवटी माझ्यात डोकावलं आणि म्हणाला, "हे मला दिसलं नाय. जा."

दारात एवढं झालं, तेव्हा मला वाटलं की खरा त्रास इथे संपला. तो दुपारी सुरू झाला.

सकाळभर वेदिका पाण्यात खेळली. खंडेराव बाकावर माझ्याजवळ बसून राहिले. दुपारी सगळे जेवायला निघाले. पहिल्या हॉटेलात थाळी होती, टेबलं मोठी होती, पंखे होते. दारातला माणूस म्हणाला, "ही फक्त शाळांच्या आणि कंपन्यांच्या ग्रुपसाठी आहे."

दुसऱ्या हॉटेलात थंडगार हवा होती. तिथली मुलगी म्हणाली, "सर, ओल्या कपड्यांनी बसता येणार नाही."

मयूर म्हणाला, "वॉटर पार्क आहे हे. कोरडे कुठून आणू?"

"चेंज करून या ना सर."

"तोवर जागा धरून ठेवाल?"

"ते नाही होणार सर."

तिसऱ्या ठिकाणी मोठं छप्पर होतं आणि त्याखाली चार खिडक्या. प्रत्येक खिडकीचं कूपन वेगळं, रांग वेगळी. टेबलं दोन माणसांची, खुर्च्या जमिनीत पक्क्या केलेल्या. ओढून जवळ घ्यायचीही सोय नाही. वेदिकाला नूडल्स हव्या होत्या, त्या लगेच मिळाल्या. पल्लवी डाळभाताच्या रांगेत होती, ती हलत नव्हती. मयूरने मिसळ मागितली. वाटीत शेव होती, तिच्यावर कोमट लाल पाणी.

"अजून रस्सा द्या," मयूर म्हणाला.

"त्याचं वेगळं कूपन आहे."

"तुम्ही नाशिकचे का हो?"

"मी कुठला का असेना, मशीनमध्ये तसंच आहे."

नाशिकच्या माणसाकडे मिसळीच्या रश्शाचं कूपन मागितलं की त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं असेल तर त्या वेळी मयूरकडे बघायला हवं होतं.

वेदिका नूडल्स घेऊन उभी होती. "आजोबा, मी खाऊ?"

"आई येऊ दे."

"गार होतंय."

कडेला उंच गोल टेबलं होती, उभ्याने खायची. मयूर वैतागून म्हणाला, "बाबा, इथे उभं राहून घेऊन टाकू. ज्याला जे मिळालं ते खा. एका दिवसाचा प्रश्न आहे."

"एकच दिवस मागितला होता," खंडेराव म्हणाले. "उभ्याने तर मी घरी रोज जेवतो."

मयूरच्या हातात मिसळीची वाटी होती. त्याने ती टेबलावर ठेवली. "रोज?"

खंडेरावांनी माझी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. डाळभात घेऊन आलेल्या पल्लवीने हे ऐकलं. ती मयूरला म्हणाली, "हो, रोज. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मित्रांनो, तेव्हा मला सगळ्यांचाच राग आला. पार्काचा आला, मयूरचा आला, पल्लवीचा आला. इतक्या जवळ राहून माणसांना एकमेकांचं एवढंही दिसू नये. आणि खंडेरावांचाही आला. तोंड उघडून सांगता येत नव्हतं का?

पल्लवीने मला पिशवीतून बाहेर काढलं आणि चारही कप्पे टेबलावर मांडले. तळाचं करवंद तिने वेदिकाच्या तोंडात दिलं. मग नूडल्स एका कप्प्यात ओतल्या, मिसळ दुसऱ्यात, डाळभात तिसऱ्यात. मयूरला म्हणाली, "पाव कुठे मिळतात बघा, चौथ्यात ते. बाबा, सगळं भरलं की बसायचं. गार होईल तर होऊ दे."

"बसायचं कुठे?" खंडेरावांनी विचारलं.

ते मला घेऊन शोधत फिरले. सावलीतले सगळे बाक भरलेले होते. शेवटी कोपऱ्यात लहान मुलांची आगगाडी दिसली. ती बिघडलेली होती, पुढे दोरी बांधली होती. तिच्या डब्यात समोरासमोर दोन बाकडी होती, चार जणांची. सगळे वाकून आत शिरले. खंडेरावांचे गुडघे मयूरच्या गुडघ्यांना लागत होते.

मला उघडणार इतक्यात एक सुपरवायझर धावत आला. "बाहेरचा डबा आत कसा आला?"

"डबा घरचा आहे, आतलं तुमचंच आहे," पल्लवी म्हणाली आणि तिने कूपनांचे तुकडे दाखवले. "वास घेऊन बघा. आमच्या घरी असं करत नाहीत."

त्याने खरंच वाकून बघितलं. मिसळ ओळखली असावी. "ठीक आहे. पण ही गाडी बंद आहे, चालणार नाही."

"चालवू नका," खंडेराव म्हणाले.

तो निघून गेला. माझे कप्पे मांडीवर मांडले गेले. खरं सांगतो, माझ्यात इतकं वाईट अन्न कधी आलं नव्हतं. नूडल्सचा गोळा झाला होता. भात टणक होता. मिसळीत शेव फुगून बसली होती. मला लाज वाटत होती. कुसाबाईंचं नाव कोरलेलं झाकण तिथेच वेदिकाच्या हातात होतं.

खंडेरावांनी कागदी ताटलीत डाळभात घेतला, त्यावर थोडी मिसळ घातली आणि ताटली पल्लवीपुढे धरली.

"बाबा, आधी तुम्ही. मी घेते नंतर."

"नंतर नाही. आत्ता घे." ताटली त्यांनी मागे घेतली नाही. "कुसा असंच म्हणायची. रोज हा डबा भरायची. यातला एक घास तिने कधी खाल्ला का, मला माहीत नाही."

मला माहीत होतं. नव्हता खाल्ला. मला भरल्यावर कुसाबाई कढईत उरलेलं स्वतःसाठी झाकून ठेवायच्या. पण मला बोलता येत नव्हतं.

पल्लवीने ताटली घेतली. मयूर खाली बघत होता. वेदिका म्हणाली, "आई, तू आमच्याआधी खाताना मी पहिल्यांदा बघतेय." पल्लवीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "मीठ नाहीये." मग चौघंही जेवायला लागले. जेवण वाईट होतं आणि त्यांनी ते सगळं संपवलं.

मित्रांनो, त्या पार्कात जेवायची चांगली जागा कुठे आहे असं मला विचाराल, तर मी बंद पडलेल्या आगगाडीकडे बोट दाखवीन. आता ती दुरुस्तही झाली असेल. ते राहू द्या. तुमचाही डबा घरात कोणीतरी भरत असेल. तो परत आणाल तेव्हा धुऊन आणा. आणि एका सुट्टीच्या दिवशी त्या माणसाला ओट्यापासून बाजूला करून तुमच्यासमोर बसवा आणि आधी त्याला वाढा. ते माणूस घरात आहे तोवरच वाढा. नंतर ताट वाढून ठेवता येतं, पण समोर कोणी बसत नाही.