शेवटच्या गाण्याआधी

धाकटीला रेकॉर्ड कंपनीत नोकरी लागली तेव्हा आत्याने सगळ्या नातेवाइकांत अशी दवंडी पिटली, की पोरगी जणू उद्यापासून गाणारच आहे. धाकटीनेही तिला अडवलं नाही. कंपनी कसली हो, टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या! पण मोठमोठ्या कंपन्यांनी तिच्या अर्जाला साधं उत्तर द्यायचीही तसदी घेतली नव्हती, आणि ह्या छोट्या कंपनीच्या मालकाने स्वतः फोन करून बोलावलं होतं. मुलाखतीसाठी तिने कुठलं गाणं का आवडतं ह्याची आठवडाभर घोकंपट्टी केली. मालकाने विचारलं काय, तर "खोकी उचलता येतात का?" आणि "हळू बोलतेस ना?" तिने दोन्हींना मान डोलावली.

"मग ये सोमवारपासून. ही रेकॉर्ड बाहेर पडेपर्यंत बघू. पुढचं पुढे."

म्हणजे नोकरी अधांतरीच. तरी धाकटी हुरळून गेली. गाण्याची जागा म्हटल्यावर माणसांची वर्दळ असणार, गप्पा असणार, हसणं-खिदळणं असणार. डोंबल! तिथे जो तो कानांवर हेडफोन चढवून आपापल्या खुर्चीत. बोलायचं तर समोर जाऊन हात हलवायचा. मग समोरचा एक कान मोकळा करणार, 'काय आहे?' अशा चेहऱ्याने बघणार, आणि तुम्ही 'काही नाही' म्हणून परत फिरणार. धाकटी दिवसभर पुठ्ठ्याची खोकी दुमडायची, रेकॉर्ड्स पाकिटात सरकवायची, पत्ते चिकटवायची. तिचं नाव कुणाला ठाऊक होतं की नाही देव जाणे. "ए नवी, चिकटपट्टी दे," एवढंच काय ते संभाषण.

घरी मात्र वेगळीच कहाणी चालू होती. आईने तिला शहरात एकाच अटीवर पाठवलं होतं. एकटीने राहायचं नाही. "एकटी राहतेस असं कळू दे मला, दुसऱ्या दिवशी येऊन दंडाला धरून घेऊन येईन." आई शिवणकाम करायची आणि बोलायचीही तशीच, टाका घातला की घातला. आता ऑफिससमोर भाड्याने घेतलेल्या खोलीत जोडीला येईल अशी मुलगी धाकटीला काही मिळाली नाही. एक आली होती, ती नाक मुरडून गेली. मग काय करणार, धाकटीने एक नर्स जन्माला घातली. चांगली मनमिळाऊ, गोलमटोल, घोरणारी नर्स. आईने "दे गं तिला फोन" म्हटलं, की नर्स ड्यूटीवर, नाहीतर अंघोळीला. रविवारी मात्र नर्सला सुट्टी. मग दोघी मिळून स्वयंपाक करतात, हसून हसून पोट दुखतं, अशा एकेक लोणकढी थापा. आई मशीन चालवता चालवता ऐकायची. फोनवर तिच्या आवाजामागे कायम ती खडखड असायची.

पुढे पुढे तर धाकटीलाच त्या नर्सची सवय झाली. रविवारी दुपारी ती तिच्याशी मनातल्या मनात भांडायचीसुद्धा. वेडेपणाच की! पण दिवसचे दिवस तोंडाला कुलूप लागलं, की माणूस कुठेतरी बोलणारच ना.

अशात एक दिवस ऑफिसात घोडं अडलं.

तेव्हा ज्या रेकॉर्डचं काम चालू होतं ती एका म्हाताऱ्या गायिकेची होती. सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणायचे. बाईंना स्टुडिओत गुदमरायचं, म्हणून त्यांच्या घरीच, बैठकीच्या खोलीत रेकॉर्डिंग केलं होतं. शेवटचं गाणं झालं आणि पुढच्याच महिन्यात बाई गेल्या. गाणी सुंदर, पण गाण्यांच्या मध्ये बाईंचा खोकला. तो कापला की तिथे भोक पडायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, यंत्रच बंद पडलं! कारण प्रत्येक खोलीची म्हणून एक शांतता असते, आणि ती अशा भोकात भरायला लागते. म्हणून गाणं संपलं की सगळ्यांनी गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवायची, हा ह्या धंद्यातला पहिला धडा. आणि नेमका तोच आपले साउंड इंजिनियर विसरले! ऑफिसात त्यांना कानसेन म्हणायचे. बाई गप्पिष्ट, गाणं संपलं की बोलतच सुटायच्या, आणि ह्यांना त्यांना गप्प करवलं नाही. आता ते घरही पाडलं होतं.

"स्टुडिओतली शांतता भरून पाहिली," कानसेन कपाळाला हात लावून म्हणाले. "मेलेली वाटते. राहती खोली हवी. पण माझ्या घरी तीन पोरं."

"माझ्याकडे सासू-सासरे आणि दोन टीव्ही," मालक म्हणाले. "कुणाकडे आहे का रे शांत खोली?"

सगळे हसले. कुणाच्याच घरी शांतता नव्हती. धाकटी कोपऱ्यात खोकं दुमडत होती. तिचे हात थांबले.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. असं तिथे पहिल्यांदाच घडत होतं.

"एकटीच राहतेस?" कानसेननी विचारलं.

"हो, एकटीच."

इतके महिने हे वाक्य तिने तोंडातून बाहेर पडू दिलं नव्हतं.

रविवारी दुपारी कानसेन येणार म्हणून तिने सकाळपासून खोली घासूनपुसून काढली. दुसरा कप नव्हता, तो विकत आणला. त्या खोलीत येणारा पहिला पाहुणा हो! काय काय बोलायचं तेही तिने ठरवून ठेवलं. बाई कशा होत्या, तुम्ही ह्या कामात कसे आलात, असलं सगळं. चहा टाकला, दोन्ही कप भरले. तोवर कानसेननी माइक उभे केले, हेडफोन चढवले आणि तिला पलंगावर बसायची खूण केली.

"माणूस बसलेलं लागतं. रिकामी खोली वेगळी वाजते. आता आवाज नको."

झालं! घरात माणूस आलं, तेही गप्प बसवायला. दोघं समोरासमोर बसून राहिली. फ्रिज गुणगुणत होता, नळाचा एखादा थेंब पडत होता. चहावर साय धरली. कानसेन डोळे मिटून, कानांत प्राण आणून ऐकत होते, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"फर्स्ट क्लास!" शेवटी हेडफोन काढून ते म्हणाले. "काय शांतता आहे गं तुझ्याकडे! तुझं नाक जरा वाजतं, पण राहू दे. बाईंचंही वाजायचं."

चहा उभ्याउभ्याच एका घोटात संपवून, पोरं वाट बघतायत म्हणून ते गेलेसुद्धा. धाकटीने दोन कप धुतले आणि पालथे घातले. मग पलंगावर बसून ती रडली. उगाच नव्हे, चांगली पोटभर रडली, आणि इतकी सवय झालेली, की रडलीही आवाज न करता.

रेकॉर्ड छापून आली त्या संध्याकाळी मालकांनी जाता जाता एक कान मोकळा केला. "नवी, तू राहा. पक्की समज." बस, एवढंच. पण धाकटीचा जीव भांड्यात पडला. सगळे गेले, कुलूप लावायचं काम तिच्याकडे. तिने आईला फोन लावला.

"पक्की झाले, आई!"

"अगं बाई!" मशीनची खडखड चालूच होती. "आता सांग, तुझं काय आहे त्या रेकॉर्डमध्ये? तुझ्या आत्याने मला भंडावून सोडलंय."

आता गप्प बसावं की नाही? पण आनंदात माणसाला कुठलं भान! शिवाय तिला कधी ना कधी काहीतरी खरं सांगायचं होतंच. तिने रेकॉर्ड लावली, फोन स्पीकरपाशी धरला.

"शेवटच्या गाण्याआधी ऐक. तिथे मी आहे."

गाणं संपलं, मग पुढचं सुरू झालं.

"मधे तर काहीच नाही," आई म्हणाली.

"तेच गं! ती माझी खोली आहे. ह्यांची शांतता कमी पडली, म्हणून माझ्याकडची घेतली." आणि तिने मोठ्या ऐटीत सगळं समजावून सांगितलं. माइक, फ्रिज, थेंब, रविवारची दुपार.

मशीन थांबलं.

"परत लाव," आई म्हणाली.

तिने परत लावलं.

"तुझं नाक वाजतंय," आई सावकाश म्हणाली. "लहानपणी वाजायचं तसंच. तुझंच तेवढं वाजतंय." मग तिने विचारलं, "रविवारी नर्सला सुट्टी असते ना गं?"

धाकटीने जीभ चावली. नर्स बाहेर गेली होती, असं म्हणता आलं असतं. थाप अगदी ओठांवर आली होती. पण तिला त्या बिचाऱ्या नर्सचाही आता कंटाळा आला होता.

"नर्स नाहीये, आई."

"कधी गेली?"

"आलीच नव्हती."

आता आई उद्या येणार, दंडाला धरणार. धाकटीने डोळे घट्ट मिटून घेतले. "मला परत नेऊ नकोस. आत्ताच पक्की झालेय गं मी."

पलीकडून आईने नाक पुसल्याचा आवाज आला. "कुलूप लाव आधी," ती म्हणाली. "आणि फोन ठेवू नकोस. तसाच धर."

धाकटीने रेकॉर्ड पाकिटात घातली, दिवे मालवले, कुलूप लावलं. फोन कानाला धरून ती जिना उतरली, रस्ता ओलांडला, आपल्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"पोचलीस?"

"हो."

"काय करतेस?"

"पलंगावर बसलेय."

"अशी गप्प का मग?"

ह्या खोलीत मोठ्याने बोलायचं कसं, तेच धाकटी विसरली होती. फ्रिज गुणगुणत होता. पलीकडे मशीन बंदच होतं.

"काय बोलू?" तिने विचारलं.

"काहीही बोल," आई म्हणाली. "आवाज येऊ दे."