मुठीमुठीचं कॉलेज

“वेदीवर कशाला ठेवलंस ते मडकं?” ब्रिजीताने शेजारी बसलेल्या कुंजेलीला कोपराने ढोसलं. “जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनाची खोली तिकडे, लायब्ररीच्या मागे.”

“अच्चननीच हात पुढे केला. मी दिलं.”

“अगं, ती अर्पणाची रांग होती. लोक केळीचे घड, कोंबडे घेऊन उभे होते, दिसलं नाही तुला? मोतीबिंदू काढलाय ना?”

दिसलं होतं. पण कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवाची मिस्सा, मैदानभर मांडव, वेदीपाशी पाद्री अच्चन, खुर्चीत खुद्द बिशप. रांग दिसली आणि कुंजेलीचे पाय आपसूक रांगेत जाऊन उभे राहिले. ऐंशी वर्षांची सवय ती, विचारून थोडीच येते. आता मडक्यावर पवित्र पाणी शिंपडून झालं होतं. आणि वेदीवर चढलेली वस्तू घरी परत जात नाही, मिस्सा संपली की तिचा लिलाव होतो, हे चेरुमला गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

मडकं तसं काही फार देखणं नव्हतं. काळं, वीतभर तोंडाचं, काठाचा टवका उडालेलं. पण टेकडीवरचं हे कॉलेज त्यातून निघालं असं कुणी म्हटलं, तर ती अगदीच थाप ठरली नसती. चौसष्ट साली चर्चमध्ये फर्मान वाचून दाखवलं होतं की प्रत्येक बाईने भात टाकताना एक मूठ तांदूळ कॉलेजसाठी बाजूला काढायचा. दर रविवारी कुंजेली डोक्यावर पोतं घेऊन दारोदार फिरायची. तांदळाचा लिलाव व्हायचा आणि जांभ्या दगडांचा एक थर वर चढायचा. भिंत उंच होत गेली आणि कुंजेलीची मान आत बसत गेली.

तिच्या घरात या मडक्यात मूठ टाकायचं काम आठ वर्षांच्या सेलीनचं. त्या साली तांदूळ रेशनवर, रात्री उकडलेल्या शाबूकंदावर भागवायचं. तरी पोरगी म्हणायची, “अम्मा, माझी मूठ लहान आहे ना, मी दोन टाकते.” तिला वाटायचं, जो तांदूळ टाकेल त्याला कॉलेज आत घेणार. एकदा खिळ्याने तिने मडक्याच्या पोटावर कोरून ठेवलं, ‘सेलीन, बी.ए.’ चांगलं मडकं नासलं म्हणून कुंजेलीने तिला एक ठेवून दिली होती.

सोळाव्या वर्षी सेलीन शाळेत पहिली आली. मायलेकी नवे कपडे घालून टेकडी चढल्या. तेव्हाचे प्रिन्सिपल अच्चन मनापासून हसले. “चेट्टत्ती, हे मुलांचं कॉलेज. इथे मुलींसाठी साधी मुतारीसुद्धा नाही.”

“बांधू की,” कुंजेली म्हणाली. “आणखी तांदूळ गोळा करते.”

अच्चननी तिला नारळपाणी पाजलं आणि वाटेला लावलं.

पुढे मुलींना घ्यायला लागले, तोवर सेलीनला राउरकेल्याच्या दवाखान्यात बेडपॅन उचलता उचलता चार वर्षं झाली होती. तिथेच लग्न, तिथेच आजारपण, गेल्या नाताळाच्या आधी तिथेच कबर. तिची पत्रं वाळवीने खाल्ली. लेकीच्या हातचं काही उरलं असेल तर ते मडक्यावरचे ओरखडे.

मिस्सा संपताच कुंजेलीने मॅनेजर अच्चनना गाठलं. “अच्चा, चुकले मी. ते नुसतं दाखवायला आणलं होतं.”

“चेट्टत्ती, देवाला दिलेलं परत मागतात का?” अच्चन घाईत होते, बिशपांचं जेवण निवत होतं. “लिलाव आहे ना, बोली लावा. तुम्हालाच मिळेल, कोण घेतंय फुटकं मडकं?”

माइकवर चर्चचा विश्वस्त लोनप्पन होता. त्याने कोंबडा विकला, फणस विकला, मग मडकं डोक्यावर धरून गोल फिरवलं.

“अकराशे,” कुंजेली म्हणाली. पेन्शनचे तेवढेच होते.

“वा, अम्मच्चीला अजून संसार मांडायचाय वाटतं,” लोनप्पन म्हणाला. “अरे, यावर तर काही लिहिलंय. सेलीन, बी.ए. ही आपली पहिली पदवीधर की काय?”

मांडव हसला. सेलीन कोण, हे कुणी विचारलं नाही. ब्रिजीता तेवढी मान खाली घालून जपमाळ चाचपत बसली.

“पाच हजार,” मागून सिरियक कंत्राटदार ओरडला. कॉलेजची नवी इमारत त्यानेच बांधलेली. त्याच्या मेव्हण्याने दहा म्हटलं, मग दोघांची जुंपली. बोली एकावन्न हजारांवर तुटली. टाळ्या थांबेनात.

सिरियक मडकं काखेत मारून कुंजेलीपाशी आला. माणूस वाईट नव्हता. “अम्मच्ची, तुम्हीच ना तांदूळ गोळा करायचात? काळजी करू नका. याला सोनेरी रंग देतो, दिवाणखान्यात काचेत ठेवतो. चला, एक फोटो काढू.”

फोटो निघाला. कुंजेलीने मडक्यावर हात ठेवला, बोटं अक्षरांवरून फिरली. तिने एक वाक्य बोलायचा अवकाश, सिरियकने मडकं तिथल्या तिथे परत दिलं असतं. माइकवरून दिलं असतं. पुन्हा टाळ्या झाल्या असत्या आणि मरेपर्यंत ती सिरियकने दान दिलेली म्हातारी झाली असती.

“रंग देण्याआधी एक करा,” ती म्हणाली. “ते नाव घासून काढा.”

“का? असू दे की. जुनं वाटतं.”

“खोटं आहे ते. सेलीन बी.ए. नव्हती.”

तिने पांढऱ्या पोलक्याच्या बाह्या सारख्या केल्या आणि उतार धरला. खालून मुलींचा घोळका येत होता, कॉलेजच्या निळ्या साड्यांतला, संध्याकाळच्या नाचासाठी केसांत गजरे माळलेला, अख्खा रस्ता व्यापून हसत खिदळत. “अम्मच्ची, जरा बाजूला व्हा ना,” एक म्हणाली.

कुंजेली गटाराच्या कडेला सरकली. शेवटची मुलगी वर जाईपर्यंत तशीच उभी राहिली.